तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा: जून ते मार्च वापरल्यानंतर

आधी डबा कोणता ते. चौकोनी, 304 दर्जाच्या स्टीलचा, 20 बाय 14 सेंटिमीटर, उंची 6. आत एका बाजूला सरकवलेली स्टीलची भिंत, त्यामुळे एक कप्पा 11 सेंटिमीटर रुंद, दुसरा साडेआठ. तिसरा कप्पा म्हणजे लहान कप्प्यात बसणारी गोल डबी, फिरकीच्या झाकणाची, साधारण दीडशे मिलीची. वरचं झाकण पॉलिप्रॉपिलीनचं (मागे त्रिकोणात 5 आकडा), चार क्लिपा, सिलिकॉनचा वायसर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचे डबे वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि भुलेश्वर-काळबादेवीच्या भांड्यांच्या दुकानांत बिननावाचेही असतात. वापर असा: आठवड्याचे पाच दिवस, सकाळी साडेसातला भरला, पाठीवरच्या सॅकमधून डोंबिवली ते सीएसएमटी, दुपारी एकला उघडला.

निकाल आधीच सांगून टाकतो. सुकं सुक्यापासून वेगळं राहतं. रस्सा राहत नाही. 'लीकप्रूफ' हा शब्द खोक्यावर छापलेला आहे आणि तो खोटाही नाही, पण तो डब्याबाहेर गळण्याबद्दल आहे. आतल्या आत, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही. विकत घेताना हा फरक कुणी सांगत नाही.

कारण झाकणाच्या रचनेत आहे. चारही क्लिपा झाकणाला कडेने दाबतात, मधल्या भिंतीवर दाब द्यायला कुणीच नाही. झाकणाच्या आत भिंतीवर टेकणारी सिलिकॉनची पट्टी आहे खरी, पण क्लिपा लावल्या की प्लास्टिकचं झाकण मध्ये किंचित फुगतं आणि पट्टी भिंतीवरून उचलली जाते. फट केसाएवढी असते, पण रश्शावरच्या तर्रीला तेवढी पुरते. तेलाचा पृष्ठताण पाण्याहून बराच कमी, म्हणून पाणी भरून पाहिलं तर डबा पास होतो आणि मटकीची उसळ भरली की पोळीची कड पिवळी होते.

ही फट घरी तपासता येते. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी भिंतीवर तिच्या लांबीभर ठेवायची, झाकण लावून चारही क्लिपा बंद करायच्या. नंतर झाकण काढून कागद बघायचा. भिंतीची रेघ कागदावर सलग उमटली असेल तर झाकण मधोमधही दाबतंय. रेघ दोन्ही टोकांना ठळक आणि मध्ये पुसट असेल तर रस्सा नक्की जाणार. या डब्यात पहिल्या महिन्यात रेघ जेमतेम सलग होती. दिवाळीपर्यंत मधली चार सेंटिमीटर गायब. सिलिकॉनची पट्टी रोज एकाच जागी दाबली जाऊन तिथे कायमची खाच पडते, आणि मग ती परत वर येत नाही.

म्हणून रस्सा, आमटी, कढी, ताक, सगळं फक्त गोल डबीत. डबीचं झाकण फिरकीचं असल्याने दाब सगळीकडून सारखा पडतो आणि नऊ-दहा महिन्यांत ती एकदाही गळली नाही. अट एकच, काठोकाठ भरायची नाही. वर बोटाच्या पेराएवढी जागा सोडायची. गरम आमटी भरून लगेच झाकण लावलं की आतली हवा तापून फुगते आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जागा मिळेल तिथून आमटीला बाहेर ढकलते. डबे बहुतेक वेळा गळतात ते या वेळात, ट्रेनच्या गर्दीत नव्हे. गर्दीचं नाव उगाच खराब.

त्यानंतर उलटं होतं. वाफेने भरलेली हवा 70 अंश सेल्सियसला बंद झाली आणि दुपारपर्यंत 30 अंशांवर आली, तर वाफेचं पाणी होतं, हवा आकसते आणि आतला दाब जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. झाकण न उघडण्याचं कारण हेच. चमच्याने उचकटायला जाऊ नका, वायसर कापला जातो. या झाकणाला मध्ये सिलिकॉनची बारीक गोळी आहे, ती नखाने वर केली की फुस्स आवाज येतो आणि झाकण सुटतं. गोल डबीला अशी गोळी नाही. ती अडली तर दोन मिनिटं कोमट पाण्यात धरायची.

आता पोळी. लहान मुलांच्या डब्यांच्या धर्तीवर बनवलेल्या बहुतेक कप्पेवाल्या डब्यांत कप्प्याची रुंदी आठ सेंटिमीटरच्या आसपास असते, ती सँडविचला बरी. 18 सेंटिमीटरच्या पोळीची चौघडी केली की तिच्या बाजू 9 सेंटिमीटरच्या होतात. आठच्या कप्प्यात तिची सुरळी करावी लागते किंवा टोकं मुडपावी लागतात, आणि मुडपलेल्या जागी ती दुपारी चामडं होते. या डब्याचा 11 सेंटिमीटरचा कप्पा इथे जिंकतो. तीन पोळ्या आरामात, चौथी दाबून. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला मात्र हा डबा कामाचा नाही, गार भाकरी घडी घेत नाही, तुकडेच करावे लागतात. आणि पोळी-भाजीबरोबर भातही हवा असेल तर जागा पुरत नाही.

पोळी ओली होण्याचा दोष डब्याला देतात, तो निम्मा भरणाऱ्याचा असतो. तव्यावरची पोळी थेट स्टीलमध्ये ठेवली तर वाफ झाकणाला लागून थेंब खाली पडतात. जाळीवर पाच-सात मिनिटं, आतल्या बाजूला तूप, मग चौघडी, मग धुतलेल्या सुती फडक्यात. अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाणी शोषत नाही, ते तिथेच धरून ठेवतं, म्हणून फडकंच. फडक्याचं दुसरं काम म्हणजे भिंतीवरच्या फटीतून येणारी शेजारच्या भाजीची वाफ शोषणं. भेंडी, गवार, बटाट्याच्या काचऱ्या असतील तर फारसा फरक पडत नाही. फ्लॉवर-मटार किंवा कोबी गरम भरला की भिंतीकडची पोळीची बाजू ओलसर लागते, फडकं असूनही. कोबी ताटात पसरून पंख्याखाली दहा मिनिटं ठेवला की प्रश्न मिटतो.

ताजेपणाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. हा डबा एकेरी पत्र्याचा आहे, गरम ठेवत नाही आणि गारही ठेवत नाही. अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात, आणि सकाळी साडेसात ते दुपारी एक हा सगळा वेळ डबा त्याच पट्ट्यात असतो. त्यामुळे टिकणं ठरतं ते पदार्थावर. ओलं खोबरं घातलेली उसळ, दही घातलेली कोशिंबीर, उकडलेला बटाटा घातलेलं सॅलड, हे ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि होळीनंतर नकोच. पातळ वरणाला तार सुटते, त्याच वरणाची चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी तग धरते. भाताबद्दल जास्त जपावं. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याने उलटीचं विष तयार केलं की ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तापवूनही ते जात नाही. रात्रीचा ओट्यावर राहिलेला भात डब्यात भरू नये. दहीभात न्यायचा तर कोमट भातात दूध आणि जेमतेम चमचाभर दही, दुपारपर्यंत आपोआप लागतं आणि आंबटही होत नाही. हे मोठ्या कप्प्यात छान जमतं.

(मायक्रोवेव्ह आला म्हणून: हा डबा त्यात जात नाही, अर्थातच. काचेचा जातो, पण वजन सॅकला कळतं.)

वायसर हा या डब्याचा जीव आणि तोच सगळ्यात मोठी कटकट. मोहरीचा एक दाणा घ्या, एक ते दीड मिलिमीटरचा. काठावर तो राहिला आणि वरून झाकण दाबलं की दाण्याच्या दोन्ही बाजूंना वायसर उचलला जातो, छोटा बोगदाच तयार होतो. कोथिंबिरीचं देठ, जिरं, पोळीचा पापुद्रा, सगळ्यांचं तेच. डबा गळाला की बहुतेकदा काठावर असला काहीतरी ऐवज सापडतो. भाजी भरल्यावर ओल्या बोटाने काठ चौफेर पुसायचा, पाच सेकंदांचं काम.

क्लिपा लावायचीही रीत आहे. ओळीने गोल फिरत लावल्या तर झाकण एका बाजूला सरकतं. समोरासमोरच्या दोन एकदम, मग उरलेल्या दोन. क्लिपेच्या बिजागरीवर पांढरी रेघ दिसू लागली आहे, अजून तुटलेली नाही. अशा डब्यात उरलेलं अन्न फ्रीजरमध्ये ठेवू नये, पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या आसपास कडक होतं आणि गार क्लिप उघडताना तडकते.

धुणं. पावसाळ्यात वायसर खाचेतून काढला नाही तर आठवड्याभरात खाचेत काळे ठिपके येतात, ती बुरशी. काढायला चमच्याचं बोथट टोक, काटा किंवा सुरी नाही. परत बसवताना एका टोकापासून ओढत नेला तर वायसर ताणला जातो आणि शेवटी लाट उरते. आधी चार कोपरे दाबायचे, मग बाजू. लसणीचा वास सिलिकॉन सोडत नाही, दहा मिनिटं पाण्यात उकळला तर निम्मा जातो. हळदीचा पिवळा डाग साबणाने जात नाही पण उन्हाने जातो. गॅलरीत एक दुपार ऊन दिलं की वायसर आणि झाकण दोन्ही उजळतात. जुलैत ऊन नसतं, तेव्हा पिवळंच वापरायचं.

मधली भिंत ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेली आहे, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये तेल शिरतं. मऊ दातांचा जुना ब्रश लागतो. एकाच पत्र्यातून दाबून काढलेले कप्पे याबाबतीत चांगले, फक्त गोल कोपऱ्यांत जागा वाया जाते. लोणचं स्टीलला लावून रात्रभर ठेवू नये. मीठ आणि आंबट मिळून 304 लाही बारीक खड्डे पाडतात. डबा 304 चाच आहे का हे लोहचुंबकाने कळत नाही, 202 दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि खरं 304 सुद्धा वळवलेल्या कोपऱ्यांपाशी थोडं ओढतं. दुकानदार चुंबक लावून दाखवत असेल तर दाखवू द्यावं.

डबेवाल्यांकडून डबा जात असेल तर हा घेऊच नये. 1890 पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेला उभा, कडीचा, गोल डबा लागतो. तो सायकलला लटकतो, लाकडी खोक्यात इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. पुडाच्या डब्याला वायसर नसतोच, वरच्या पुडाचं बूड हेच खालच्याचं झाकण, आणि तरी तो गळत नाही, कारण तो आडवा होत नाही. सॅकमधला चौकोनी डबा मात्र लॅपटॉपच्या पाठीला टेकून कडेवर उभा असतो, रश्शाचा सगळा भार एका बाजूच्या वायसरवर. दोन वेगळी गणितं आहेत. सॅकमध्येही डबीची बाजू वर ठेवली तर बराच फरक पडतो, त्यासाठी झाकणावर मार्करने बाण काढलेला आहे.

पुन्हा घ्यायचा झाला तर डबी आणि 11 सेंटिमीटरचा कप्पा यासाठी घेता येईल, पण झाकणाला आतून आडव्या फासळ्या असलेला, म्हणजे मध्ये न फुगणारा. आणि सुटा वायसर मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारावं. या डब्याचा मिळाला नाही. दुकानदाराने दुसऱ्या मापाचा कापून लावायला सांगितला. कापलेला वायसर जोडावर गळतो.