व्ही तळ की सपाट तळ: दोन चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियम बोटी, सहा महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये तळ्यांवरचा बर्फ फुटला त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी दोन जुन्या बोटी उचलल्या. दोन्ही 14 फुटी, दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या, दोघींनाही मागे 20 हॉर्सपॉवरचं टिलरचं, म्हणजे हातात दांडा धरून वळवायचं, इंजिन. माझी व्ही तळाची, रिव्हेट मारलेली, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी पत्रे जोडलेली. माझ्या नागपूरकर मित्राची सपाट तळाची, वेल्डिंगची, जिला इथे जॉन बोट म्हणतात. आम्ही राहतो मिनेसोटात, मिनियापोलिसपासून अर्ध्या तासावर. मे ते ऑक्टोबर जवळजवळ दर शनिवारी पाण्यावर होतो आणि मुद्दाम बोटींची अदलाबदल करत होतो. त्यामुळे खाली लिहितोय ते दोन्ही बोटींत बूड टेकवून लिहितोय.

आधी मोठ्या पाण्याचं सांगतो, कारण मी व्ही घेतली ती त्याच भीतीने. मिल लॅक्स हे तळं सव्वा लाख एकरांहून मोठं आहे, पण खोली फार नाही. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात, एक संपेपर्यंत दुसरी हजर. जूनच्या शेवटी आम्ही तिथे मित्राची बोट घेऊन गेलो. जाताना आरसा होता, पहिल्या जागी पोचायला 12 मिनिटं लागली. दोन तासांत वायव्येचा वारा आला. जॉन बोटीचं पुढचं बूड सपाट, ते प्रत्येक लाटेवर उचलून थापीसारखं आपटत होतं. परत यायला 40 मिनिटं लागली, तीही किनारा धरून, इंजिन निम्म्यावर ठेवून. मित्र म्हणाला, ‘‘माझी कंबर गेली बे.’’ तो थट्टा करत नव्हता.

सप्टेंबरमध्ये तसल्याच वाऱ्यात माझ्या बोटीतून गेलो. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, धारदार असल्यामुळे लाट कापली जाते, आपटी कमी बसते. पण व्ही म्हणजे कोरडी बोट असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 14 फुटी उघडी बोट आहे ती. वारा तिरका असला की टिलरवर बसलेला माणूस चिंब होतो, आणि टिलरवर बहुतेक वेळा मीच.

आता बाकीचे दिवस. सहा महिन्यांत मिल लॅक्सला गेलो फक्त तीनदा. उरलेला सगळा वेळ घराजवळच्या लहान तळ्यांवर, सनफिश आणि क्रॅपी पकडण्यात. (मिल लॅक्सला मिळणारा वॉलाय हाही चांगला मासा आहे, काटे कमी, मांस पांढरं. कोकमाच्या आगळात मुरवून रवा लावून तळला तर बायको अमेरिकन मासा आहे हे विसरते.) अशा पाण्यावर जॉन बोट बादशाह. हातभर पाण्यात गवतात शिरते, उभं राहून गळ टाकता येतो, दोघं एकाच कडेला आले तरी फार कलत नाही. माझ्या बोटीत एकजण उठला की दुसऱ्याने बसायचं, असा अलिखित नियमच झाला.

जुलैमध्ये बाबा आले. वय 74, गुहागरकडचे, खाडीत होडीने जाण्यात बालपण गेलेलं. धक्क्यावरून माझ्या बोटीत उतरताना मी त्यांचा हात धरायला गेलो तर मलाच म्हणाले, ‘‘हात सोड. होडीत मधे पाय टाकायचा, कडेला नाही.’’ त्यांनी मधेच टाकला, तरी बोट अशी हलली की मीच घाबरलो. मित्राच्या बोटीत ते आरामात खुर्ची टाकून बसले आणि मला विचारलं, ‘‘तू ही का नाही घेतलीस?’’

त्याचं उत्तर शोधताना खरी गोष्ट कळली. एका दुपारी टेप घेऊन दोन्ही बोटी उलट्या करून मोजल्या. माझ्या बोटीच्या माहितीपत्रकात रुंदी 64 इंच लिहिलेली. ती वरची, काठापासून काठापर्यंतची. खाली, जिथे बाजू तळाला मिळते तिथे, मागच्या टोकाला भरली फक्त 44 इंच. मित्राच्या बोटीचा तळ 48. आणि गंमत म्हणजे माझ्या बोटीचा व्ही फक्त पुढच्या भागात आहे. मागे, जिथे आपण बसतो, तिथे तीही जवळजवळ सपाटच. म्हणजे बोट कलते त्याला व्हीइतकीच, किंवा जास्तच, तळाची रुंदी जबाबदार. जॉन बोटींचे आकडे निदान प्रामाणिक असतात: 1448 म्हणजे 14 फूट लांब आणि तळ 48 इंच रुंद. 1436 घेतली असती तर तीही डुगडुगलीच असती. व्ही की सपाट यावर मी तीन महिने डोकं खपवलं आणि तळ किती इंच हे एकदाही विचारलं नाही.

रिव्हेट आणि वेल्डिंगचा वाद मात्र मला फुगवलेला वाटतो. रिव्हेटच्या बोटी अनेक वर्षांनी झिरपतात, हे खरं. माझीही झिरपत होती, चार तासांत दोन-तीन तांबे पाणी. गळती शोधायची युक्ती सोपी आहे: ट्रेलरवर खालून नीट आधार देऊन बोटीत थोडं पाणी भरायचं, बाहेरून जिथे थेंब येईल तिथे खडूने खूण करायची. सात रिव्हेट निघाले. एकाने आतून जड लोखंड धरायचं, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. त्यावर आतून इपॉक्सी सीलर. एक रविवार गेला, पुढे थेंब नाही. वेल्डिंगची बोट गळत नाही, पण तडा गेलाच तर अ‍ॅल्युमिनियम जोडणारा वेल्डर शोधा, आणि तो सांगेल तो भाव द्या.

खरा दणका वेगळ्याच जागी बसला. ट्रान्सम, म्हणजे इंजिन अडकवतात ती मागची भिंत, हिच्या आत प्लायवूड असतं. जूनमध्ये माझ्या इंजिनाचे स्क्रू दर आठवड्याला ढिले पडायला लागले. उघडलं तर आधीच्या मालकाने तिथे हिरवट झाक असलेलं, अंगणातल्या डेकला वापरतात तसलं लाकूड घातलेलं. त्या लाकडात कीड लागू नये म्हणून तांब्याचं रसायन मुरवलेलं असतं. ओलाव्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पत्र्यावर पांढरी पूड आणि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते. सगळं काढून, घासून, मरीन प्लायवूड कापून, त्याला चारी बाजूंनी इपॉक्सी लावून, स्टेनलेसचे बोल्ट वापरून पुन्हा बसवलं. दोन आठवडे हंगामातले गेले. बोट घेताना मी टायर बघितले, रंग बघितला, इंजिन सुरू करून बघितलं. ट्रान्सममध्ये एक स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला नाही.

मित्राचा घोळ इंजिनाचा. त्याच्या ट्रान्समची उंची 15 इंच आणि इंजिन विकत घेतलं 20 इंची लांब शाफ्टचं (शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारा दांडा), कारण स्वस्त मिळालं. इंजिनाच्या खाली, पंख्याच्या जरा वर, जी आडवी पट्टी असते ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. त्याची पाच इंच खाली. परिणाम: सपाट तळाची बोट हातभर पाण्यात जाते हा जो तिचा मुख्य फायदा, तोच गेला. ऑगस्टमध्ये त्याने ते विकून छोट्या शाफ्टचं घेतलं, तेव्हा कुठे बोट खरी समजली.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकटा असलो की दोन्ही जीपीएसवर ताशी 23-24 मैल दाखवतात, तीन माणसं आणि बर्फाचा डबा घेतला की दोन्ही कुंथतात. आवाज जॉन बोटीत जास्त. डबा सांडला तर अख्ख्या तळ्याला कळतं. त्याने तळाला फोमच्या चटया टाकल्या, बराच फरक पडला. वाऱ्यात जॉन बोट बाजूला सरकत राहते, माझी रेषा धरते. वॉलायसाठी इथे लोक बोट उलटी, मागच्या बाजूने हळूहळू चालवतात. त्यात माझा 20 इंची उंच ट्रान्सम उपयोगी पडला, मित्राच्या ठेंगण्या ट्रान्समवरून लाट सरळ मांडीवर.

एक फजिती दोघांचीही झाली, बोटीशी संबंध नाही पण लिहितो. झेब्रा शिंपले पसरू नयेत म्हणून मिनेसोटात तळ्यावरून निघताना तळाचं बूच काढून पाणी ओतून टाकणं कायद्याने सक्तीचं आहे. काढणं सक्तीचं, परत लावायची आठवण करून द्यायला कुणी नाही. मेमध्ये मी बोट पाण्यात ढकलली, गाडी लावून आलो, तर घोट्याएवढं पाणी आत. आता बूच आणि मनगटाची लाल दोरी (माणूस पाण्यात पडला तर ओढली जाऊन इंजिन बंद करते ती) एकाच कडीत अडकवलीये. दोरीशिवाय मी इंजिन सुरू करत नाही, 26 फुटांखालच्या बोटीला अशी दोरी बसवलेली असेल तर भरधाव असताना ती लावणं, अमेरिकेचा केंद्रीय कायदा लागू असलेल्या पाण्यावर, तसंही 2021 पासून बंधनकारक आहे.

आज दोन्ही बोटी ताडपत्रीखाली आहेत, बूच काढून, इंजिनं उभी ठेवून, म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल आणि गोठून काही फुटणार नाही. माझ्यासारखं मोठ्या तळ्याचं स्वप्न आणि लहान तळ्याचं वास्तव असेल, तर रुंद तळाची व्ही शोधा. घरात म्हातारं माणूस किंवा लहान पोरं असतील आणि मोठ्या पाण्यावर जायचंच नसेल, तर सरळ 1448 घ्या, माझ्याकडे बघू नका.

मागच्या शनिवारी एक 16 फुटी व्ही बघून आलो. टेप नेला होता, तळ 54 इंच भरला. मन हरखलं. मग ट्रान्सममध्ये स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. मालक म्हणाला, दोनशे डॉलर कमी करतो. मी चहा पिऊन परत आलो.