आंबा-काजूवाल्यांना नाणेनिधीचा जागतिक अंदाज कितपत उपयोगी?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा ‘वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक’, म्हणजे जगाच्या आणि देशोदेशींच्या आर्थिक वाढीचे अंदाज देणारा अहवाल, फुकट मिळतो. पूर्ण अहवाल एप्रिल आणि ऑक्टोबरात, सुधारित अंदाज जानेवारी आणि जुलैत. देवगड-रत्नागिरीच्या हापूस निर्यातदाराला एप्रिलचं बाड उशिराचंच. तोवर बराच माल पेट्या भरून गेलेला असतो. जानेवारीची पातळ आवृत्तीच वाचावी.

थेट मुख्य तक्ता उघडा. ‘मध्यपूर्व आणि मध्य आशिया’ची सरासरी पाहून दुबईच्या मागणीचा हिशेब मांडू नका; त्यात तेल विकणारे आणि विकत घेणारे एकत्र कोंबलेत. भारताची तळटीप चुकवू नका: आपले आकडे एप्रिल-मार्चचे, बहुतेकांचे जानेवारी-डिसेंबरचे. सगळ्यात बोलका रकाना ‘मागच्या अंदाजापासून फरक’ हा. जानेवारी २०२० मध्ये त्या वर्षासाठी ३.३ टक्के जागतिक वाढ सांगितली होती, एप्रिलमध्ये ती उणे ३ झाली!

मोठी उणीव विनिमय दराची, म्हणजे एका चलनाच्या दुसऱ्या चलनातल्या भावाची: तो जवळपास स्थिर धरूनच गणित मांडतात. दुबईचं चलन दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेलं, म्हणजे रुपया-डॉलर वेगळा बघावाच लागतो. आफ्रिकेतून कच्चा काजू आणणाऱ्या वेंगुर्ल्याच्या कारखानदारालाही तेच.

पाचपैकी साडेतीन गुण.