संगीन झकास, पण 'नंबर मॅचिंग' ही थाप (५ पैकी ३)

एका जर्मन ऑनलाइन डीलरकडनं ८४/९८ संगीन घेतली, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ९८के रायफलला लागायची ती, आणि वर १५ युरो देऊन त्यांचं 'मार्किंग ओळख' (कुठला ठसा कशाचा ते सांगणारं) सर्टिफिकेटपण घेतलं, तिथेच गंडलो. जाहिरातीत होतं: आइकहॉर्न कंपनी, १९४३, नंबर मॅचिंग, म्हणजे पात्यावर नि म्यानावर एकच नंबर.

पॅकिंग एक नंबर. पात्याला गंज नाही, बॅकेलाइटची मूठही धड. मुठीला लागून पात्याचा जो चपटा भाग असतो तिथे जुनं ग्रीस साचून काळं झालेलं, तेलाचं बोट फिरवून कापडाने पुसलं (पॉलिश चुकूनही घासू नका, ठसेच जातात), मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तर एका बाजूला सीओएफ नि ४३, दुसऱ्या बाजूला ४३१२ बी. सीओएफ हा जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या कार्ल आइकहॉर्न कारखान्याचा कोड, इथवर बरोबर. मग म्यान बघितलं तर सीव्हीएल, नंबर ८७०६! सीव्हीएल म्हणजे डब्ल्यूकेसी, सोलिंगेनचाच दुसरा कारखाना, म्हणजे म्यान भलत्याच कारखान्याचं, भलत्याच संगिनीचं. सर्टिफिकेटात काय तर 'सीव्हीएल हा इन्स्पेक्टरचा शिक्का'. अहो इन्स्पेक्टरचा शिक्का म्हणजे गरुड आणि खाली डब्ल्यूएए (जर्मन सैन्याच्या शस्त्रखात्याची अक्षरं) नि आकडा, तो याच संगिनीच्या मुठीच्या टोकावर बसलाय, निदान वस्तू फिरवून तरी बघायची.

मेल केला तर म्हणे दोन्ही सोलिंगेनचंच की! शेवटी ४० युरो परत दिले, सर्टिफिकेटचे १५ गेलेच.

मित्राने यांच्याकडनंच परेडची निकेलवाली संगीन घेतलेली, त्याचं सर्टिफिकेट बिनचूक होतं, पण त्या संगिनीवर तलवार धरलेली खार आहे, खार दिसली की आइकहॉर्न हे कोणीही सांगेल. परेडवाली सैनिक स्वतःच्या पैशाने घ्यायचे म्हणून कंपनी ट्रेडमार्क ठळक मारायची, सरकारी मालावर मात्र कोड, कोण किती बनवतंय ते बाहेर कळू नये म्हणून. सुरुवातीला तर वर्षसुद्धा अक्षरात, १९३४ ला के, १९३५ ला जी. खरी परीक्षा या कोडांत असते आणि इथेच हे लोक घाई करतात.

माल घ्या, सर्टिफिकेट नको. पैसे भरायच्या आधी पात्याचा आणि म्यानाचा, दोन्ही नंबरांचे क्लोजअप मागवा, फोटो द्यायला ते कुरकुर करत नाहीत.

आणि कोणाकडे ४३१२ बी नंबरचं आइकहॉर्नचं म्यान पडलं असेल तर सांगा, माझं ८७०६ घेऊन जा.