‘टेन रागाज’चा रीइश्यू, आठ महिन्यांनंतर: सगळं छान, भोक सोडून

सिंथवर दहा राग डिस्को बीटवर वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांच्या या रेकॉर्डची ओळख करून देत बसत नाही. १९८२, एचएमव्ही, टीबी-३०३ बास सिंथ, टीआर-८०८ ड्रम मशीन, अ‍ॅसिड हाऊस या नृत्यसंगीताची सुरुवात मानतात त्या शिकागोच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षं आधी, हे तुम्हाला पाठ असेल. मला बोलायचंय ते तबकडीच्या मधल्या भोकाबद्दल.

मूळ प्रतीची जी किंमत मला सांगितली गेली तेवढ्यात जुनी अ‍ॅक्टिव्हा आली असती, म्हणून रीइश्यू, म्हणजे नव्यानं छापलेली प्रत, घेतला. मेघमल्हार लावला तर सूर हलकेच झुलत होता. वाटलं, मेघाचा रिषभ आंदोलित असतोच, काय सुरेख पकडलाय सिंथवर! दोघांना कौतुकानं ऐकवलंही. मग पुढचा यमन झुलायला लागला. मोजलं. दर १.८ सेकंदाला एक हेलकावा, म्हणजे तबकडीचा बरोबर एक फेरा. भोक मधोमध नाही. लेबलाच्या जवळ जावं तसं आणखी वाढतं. बीट कसाबसा जुळतो हो, पण मी डीजे, दोन रेकॉर्ड एकात एक मिसळून वाजवतो, त्या मिक्समध्ये लांब सूर दुसऱ्या रेकॉर्डशी भांडतात.

दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. ‘सर, व्हायनल में इतना चलता है.’ परत पाठवायचा खर्च माझ्याच माथी. राहू दे म्हटलं. (रीइश्यू काढणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही, एका प्रतीवरून नको.)

त्या रागात मित्राला सुनावलं, रीइश्यू आला की डीजेसाठी रेकॉर्डचं वेगळेपण संपलं, आता कोणीही वाजवतो. त्याच्याकडे मूळ प्रत आहे. पण ती कपाटाबाहेर निघत नाही, कोणी बिअर सांडेल म्हणून! माझी आठ महिन्यांत अकरा ठिकाणी वाजली. आणि दुर्मीळ होती तेव्हा हिला विचारत कोण होतं? २०१० च्या रीइश्यूनंतर गवगवा झाला, सत्तरी ओलांडलेले चरणजीतजी युरोपात जाऊन हेच राग वाजवून आले. मित्राच्या प्रतीचा भावही त्यानंतरच चढला. तेव्हा माझं ते वाक्य मागे घेतो. भोकाचं नाही घेत.

शेवटी गोल कानशीनं भोक जरासं मोठं केलं. टोनआर्म डुलायचा थांबेपर्यंत तबकडी सरकवत राहिलो. यमन सरळ! पालटली, तर दुसरी बाजू आधीपेक्षा जास्त डुलते. दोन्ही बाजूंचे साचे वेगळे, त्यांचा मध्यही वेगळा. आता दर वेळी पालटली की टिचकी मारून बसवावी लागते, तीही मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात, आणि समोरचे लोक समजतात मी काहीतरी शोधतोय.