वाफेचं इंजिन उत्तम, गॅसची टाकी थंड देशाची

गच्चीवरच्या रुळांवर चालवायचं छोटं, खऱ्या वाफेवर चालणारं मॉडेल इंजिन मी मागवलं. त्याची गॅसची टाकी तापली की पुन्हा भरत नाही, अशी तक्रार केली. विक्रेत्याचं शेवटचं उत्तर परवा आलं: "गॅसची टाकी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून बघा." मी मुलुंडला राहतो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी नळाला येणारं पाणीच कढत असतं. हे उत्तर आलं नसतं तर रिव्ह्यू लिहायचा आळसच केला असता.

इंजिन बहुतेकांकडे असतं तसलंच: ३२ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), ०-४-० (चारच चाकं, चारही ओढणारी), ब्यूटेनवर म्हणजे लायटरच्या गॅसवर चालणारं, मधून एकच फ्लू (ज्योतीची नळी) गेलेला तांब्याचा बॉयलर, ४० पीएसआय दाबाला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. रेडिओ कंट्रोल घेतला नाही, त्या पैशात डबे आले. रंग, रिव्हेट, चाकं यांबद्दल तक्रार नाही आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला हवा होता लांब पल्ला. नेरळ-माथेरान लाइन २ फुटी गेजची, १९०७ पासूनची, सुमारे २१ किलोमीटर. ३२ मिमीचा रूळ म्हणजे २ फुटी गेज धरलं की प्रमाण १:१९ येतं आणि अख्खा घाट ११०० मीटरमध्ये बसतो. गच्चीवरचं माझं रिंगण १४ मीटरचं. ऐंशीएक फेऱ्या झाल्या की माथेरान. तिथला १:२० चा चढ गच्चीवर आणायची हौस मला नाही, सपाटीवरच जायचंय. खरी गाडी दोन तासांहून जास्त घेते, हे इंजिन त्याच तोऱ्यात तासाभरात पोचायला हवं.

बॉयलरची ना नाही. गुडॉल व्हॉल्व्हवर (पाणी आत घेणारं, वाफ बाहेर न सोडणारं तोंड) बाटलीची नळी दाबली की आत वाफ असतानाही पाणी भरता येतं. लुब्रिकेटरमधलं तेलही पुरतं. घोडं अडतं ते गॅसपाशी.

पुस्तिका म्हणते, एका टाकीत २० मिनिटं. एप्रिलमध्ये पहिली टाकी कशीबशी तेवढी चालायची, पण दुसऱ्या भरण्याला निम्मीही चालेना. अर्धी वाट व्हायच्या आत गाडी गार. याचं कारण साधं आहे. गॅसचा डबा उलटा धरून टाकीच्या व्हॉल्व्हवर दाबला की द्रव ब्यूटेन टाकीत उतरतं, पण ते डब्यातला दाब टाकीतल्या दाबापेक्षा जास्त असेल तरच. आणि दाब ठरतो तापमानावर. टाकी बसवलीय कॅबमध्ये, बॉयलरला खेटून. पहिला गॅस संपेपर्यंत ती चटका बसेल इतकी तापते. मग गॅस आत जातो कुठला? फुस्सकन बाजूने निसटतो आणि आपली बोटं गारठतात. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, त्यामुळे इंग्लंडच्या हिवाळ्यात तिथल्या लोकांचं रडगाणं नेमकं उलटं: टाकी इतकी गार पडते की ज्योत मरते. पुस्तिका त्यांच्यासाठी लिहिलीय, ठीक. पण मुंबईचा पत्ता वाचून, मुंबईचे पैसे घेऊन मला तीच पानं पाठवायची?

ईमेलामेलीत विक्रेत्याने आधी जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक तोंड) बदलायला सांगितलं. जेटपेक्षा टपालखर्च जास्त झाला. जुन्या जेटमध्ये कचऱ्याचा कण नव्हता. मग व्हॉल्व्हची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. ती मात्र मी मागवली नाही, नागदेवी स्ट्रीटवर व्हायटन रबराची मिळाली, चहाच्या पैशात. त्यानेही टाकी भरली नाही.

शेवटी उपाय निघाला फ्रीझरमधून. बर्नर बंद करायचा, इंजिन रुळावरून उचलून लांब न्यायचं, जवळपास ज्योत नाही ना पाहायचं आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ टाकीवर दोन-तीन मिनिटं धरायचा. मग लायटरच्या गॅसचा डबा लावला की टाकी गपगप पिते आणि काठोकाठ भरल्याची पिचकारी उडते. बॉयलरची वाफ तोवर टिकून असते, पुन्हा पेटवलं की गाडी लगेच निघते. डबा उन्हात तापवायचा शहाणपणा कोणी करू नका, गार करायची ती टाकी. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस तर अजिबात नाही, त्यात प्रोपेन असतो आणि त्याचा दाब या टाकीच्या बेताचा नाही. घरून एकच हरकत आली: "अहो, सरबताला बर्फ ठेवाल का थोडा?"

दुसरा उपाय बचतीचा, आणि त्याहून मोठा. आपल्या हवेत टाकीचा दाब इतका असतो की गॅस निम्मा उघडला तरी बर्नर भणभणतो, बॉयलर ४० वर जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरत राहतो. बघणाऱ्यांना ते फार आवडतं. मला मात्र टॅक्सीचा मीटर पळताना दिसतो. गॅस जेमतेम ऐकू येईल इतका कमी केला आणि ऊन उतरल्यावर गाडी काढली, तर एक टाकी अर्धा तास जाते. साधारण अर्ध्या वाटेवरच्या वॉटर पाईप स्टेशनपर्यंत पहिली टाकी, तिथे बर्फ आणि पाणी, तिथून माथेरान. हे आता सहज होतं, आणि झालं की इंजिनावरचा राग बराच उतरतो.

रेडिओ कंट्रोल म्हणजे चोचले, असं घेताना माझं ठाम मत होतं. ते थोडं हललंय. गच्चीला वॉटरप्रूफिंगवाल्याने पाणी जायला ढाळ दिलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही पण इंजिनाला बरोबर कळतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे चढताना धापा आणि पन्हाळीकडे सुसाट. हाताने रेग्युलेटर (वाफ कमी-जास्त करायची कळ) धरायला मागे किती धावणार? गवंड्याची लेव्हल नळी आणून रुळाखाली फरशीचे तुकडे सारले, मागे जड डबे जोडले, आता वेग बराच धरून राहतो. ओझं असलं की ही इंजिनं शहाण्यासारखी चालतात. तरी गच्ची सपाट करता येत नसेल तर कंट्रोल घ्या. मी घेणार नाही.

पाण्याचं एक सांगतो. पुस्तिकेत बॉयलरला डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी वापरू नका असं बजावलंय आणि पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी बहुतेक वेळा तेच असतं. गाळलेलं पावसाचं पाणी चालतं. पहिल्या सरी जाऊ दिल्या आणि जुलैत दोन कॅन भरून ठेवले, दिवाळीपर्यंत फुकट. या बाबतीत इंग्लंडने मुंबईची नक्कल करावी.

सोसायटीच्या सेक्रेटरींना वाळूची बादली आणि अग्निशामक दाखवला, तेव्हापासून त्यांचा नातूच आधी गच्चीवर हजर असतो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण पुस्तिकेचा कापलाय, एक पत्रव्यवहाराचा. तो नवा जेट न वापरता पाकिटातच पडलाय. याच मापाचा कोणाला लागत असेल तर निम्म्या किमतीत देईन, कुरिअर तुमच्या खर्चाने.