ऑम्नीचे टॅपेट, तीन वेळा बदललेलं ऑइल आणि आठ महिने

आधी गाडीबद्दल. २०१२ ची ऑम्नी, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, मीटरवर १ लाख ३८ हजार. भांडुपहून पवई-अंधेरीच्या ऑफिसांत जेवणाचे डबे पोचवते, गाडी मीच चालवते. ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे त्याचं काही बिनसलं की आधी आपल्या बुडाला कळतं. गेल्या गणपतीत ते वाजायला लागलं. टक-टक-टक, शिलाई मशीन सुरू असल्यासारखं. आधी पहाटे स्टार्ट केल्यावर मिनिटभर, दिवाळीपर्यंत दिवसभर. शेवटी सिग्नलला शेजारचा रिक्षावालाच मान बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, टॅपेट वाजतायत." टॅपेट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (झडपा) दाबून उघडणारे भाग.

गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे उत्तर तयारच होतं: गाडी म्हातारी झाली, जाड ऑइल टाका. २०डब्ल्यू-५० टाकलं. आवाज खरंच कमी झाला, मी खूश. तीन आठवड्यांत पुन्हा होता तिथे. मग त्याने ऑइलमध्ये मिसळायची मधासारखी घट्ट बाटली दिली, चारशे रुपयांची. पुन्हा पंधरा दिवस शांतता, पुन्हा टकटक. त्यात पहाटे इंजिन जड फिरायचं आणि आयआयटीचा चढ चढताना डबे भरलेले असले की जाणवायचं. तिसऱ्यांदा महागडं सिंथेटिक भरून पाहिलं. त्याने तर पहिल्या दिवसापासून आवाज वाढला.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं. कारण एक साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. टॅपेट दोन जातीचे असतात.

एक हायड्रॉलिक. त्यांच्या पोटात ऑइल भरतं आणि त्या दाबावर ते व्हॉल्व्हपर्यंतची फट आपणच भरून काढतात. तिथे ऑइल चुकीचं, जुनं किंवा कमी असेल तर आवाज येतो, आणि ऑइल सुधारलं तर बऱ्याचदा जातोही. माझ्या धाकट्या दिराच्या सात सीटर गाडीला फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आहे, त्यात असे टॅपेट आहेत. त्याच्याही गाडीत कोणीतरी २०डब्ल्यू-५० भरलं होतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ५डब्ल्यू-३० आणि नवा फिल्टर टाकल्यावर आठवड्याभरात त्याची खडखड थांबली. "वहिनी, तुम्हीपण हेच टाका," हा सल्ला त्याचाच. मनापासून दिलेला, पण माझ्या गाडीला लागू नसलेला.

ऑम्नीच्या ७९६ सीसी तीन सिलिंडरच्या इंजिनात दुसरी जात आहे. रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांड्याच्या) टोकाला एक स्क्रू, त्यावर तो घट्ट धरणारा चेक नट. फट हातानेच सेट करायची. ती फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक होते. जाड ऑइल त्या फटीत गादीसारखं बसतं म्हणून आवाज दबतो, एवढंच. फट तिथेच राहते.

हे मला कळलं कुर्ल्याला, सीएसटी रोडजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. त्यांनी बॉनेट उघडलं नाही (ऑम्नीत उघडून करणार काय म्हणा), ऑइलची कांडीही काढली नाही. फक्त विचारलं, "टॅपेट शेवटचे कधी सेट केलेस?" मी गप्प. गाडी सेकंडहँड घेऊन सहा वर्षं झाली होती. ते म्हणाले, रात्री इथेच सोड, थंड इंजिनवरच माप घेतो. दुसऱ्या दिवशी डबे भाड्याच्या टेम्पोने गेले, तो खर्च वेगळाच.

सकाळी सीट उचलून टॅपेट कव्हर काढलं. मी शेजारी उभी होते. सहा व्हॉल्व्हपैकी तीन लूज निघाले, त्यांचाच तो आवाज. पण मिस्त्री थबकले एका एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हपाशी. तिथे फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) सगळ्यात बारीक पातीसुद्धा शिरेना. म्हणजे फटच नव्हती, आणि तो व्हॉल्व्ह अजिबात वाजत नव्हता.

सीएनजी कोरडा गॅस. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (तो जिथे टेकून बसतो त्या कड्यावर) आपटतो तेव्हा मधे काही ओलावा नसतो, सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकूनच बाहेर जाते. टेकलाच नाही तर कडेने जळतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायची वेळ येते. चढावर गाडी जड वाटायची ती निव्वळ जाड ऑइलमुळे नव्हे. मी चार महिने वाजणाऱ्या तिघांच्या मागे लागले होते आणि खरा धोका त्या गप्प बसलेल्या चौथ्याचा होता. मिस्त्री म्हणाले, अजून जळला नाही, नशीब समज.

सेटिंग आणि कव्हरचं नवं पॅकिंग मिळून साडेआठशे रुपये. तीन वेळच्या ऑइलवर किती गेले ते लिहीत नाही, घरचे वाचतील.

आता ऑइल. १५डब्ल्यू-४० मिनरल भरते आहे, डब्यावर एपीआय एसएन (ऑइलचा दर्जा सांगणारी खूण) लिहिलेलं. पहिला आकडा थंडीतला: २०डब्ल्यू ऑइलची क्रँकिंगची चाचणी उणे १५ अंशांना होते आणि मुंबईत जानेवारीची पहाट फार तर १५ अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे २०डब्ल्यूने इंजिन बंद पडणार नाही. तरी १५डब्ल्यू वर रॉकरपर्यंत लवकर पोचतं, आणि माझ्या गाडीत पहाटेचा जडपणा गेला. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. रोजच्या ट्रॅफिकला ४० पुरतं. इंजिन ऑइल पीत असेल तर ५० चा विचार करा, टॅपेटसाठी नको.

ऑइल ५ हजार किलोमीटरला बदलते. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) दहा किलोमीटरला तास जातो, मीटर पुढे सरकत नाही पण इंजिन फिरतच असतं. सीएनजीवर ऑइल लवकर काळं पडत नाही म्हणून अजून चालेल असं वाटतं. त्या रंगावर विसंबू नका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या असतील तर ऑइल भरायच्या टोपणाखाली लोण्यासारखं पांढरं जमतं. ती बहुतेकदा वाफ असते. कूलंट कमी होत नसेल तर एकदा लांब फेरी मारा, जातं.

डबा पेट्रोल पंपावरून घेते आणि रिकामा झाला की भोक पाडून मगच भंगारात देते. आपलेच डबे भरून परत विकले जातात.

सेटिंगला आता चार महिने झाले. मिस्त्रींनी एक्झॉस्ट मुद्दाम मापाच्या सैल टोकाला ठेवलेत, म्हणून थंड इंजिनवर हलकी टिकटिक येते. परवा त्याच सिग्नलला दुसऱ्या एका रिक्षावाल्याने मान काढून सांगितलं, "मॅडम, टॅपेट." मी म्हटलं, माहीत आहे. पुढच्या १० हजारांना पुन्हा फट मोजायची आहे.