दर्यापुरातली थंड पाण्याची कॅन: चव नको, तोटी पाहा

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरला पाणी लागतं, पण बहुतेक ठिकाणी ते तोंडात धरवत नाही. म्हणून दर्यापूरला प्यायला शहानूर धरणाचं पाणी आणलं आहे. गाव वाढतं तसे नवे ले-आउट पडतात, घरं आधी होतात आणि नळ मागून येतो. मधल्या काळात दारात आरोची कॅन येते. दुकानं, दवाखाने आणि मंगल कार्यालयांचं तर कॅनवाचून पान हलत नाही.

सोय म्हणून सेवा उत्तम. फोन केला की गाडी येते, 18-20 लिटरची कॅन साधारण 20 ते 40 रुपयांत पडते आणि मे महिन्यातही पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं. घोळ इथेच होतो, कारण गार पाणी गोडच लागतं. चवीवरून प्लांट निवडू नका.

प्लांटमध्ये बोअरचं पाणी आधी वाळू आणि कोळशाच्या फिल्टरमधून, मग 5 मायक्रॉनच्या काडतुसातून जातं. पुढे मोठ्या दाबाने ते मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यात, सोडतात. खाऱ्या पाण्यात क्षार जमू नयेत म्हणून मेम्ब्रेनच्या आधी औषधाचा डोस लागतो. तो चुकला की क्षार बसतात, शुद्ध पाण्याची धार बारीक होते आणि गिऱ्हाईक तर दारात उभं असतं. मग बायपासचा व्हॉल्व्ह थोडा उघडून कच्चं पाणी मिसळलं जातं. हे पकडायला साधा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, पुरतो. कॅनमधलं पाणी पेल्यात काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच मोजा. आकडा 60 ते 150 असेल तर ठीक. आज 90 आणि आठवड्याने 400 आला, तर प्लांटवाल्याला मेम्ब्रेन कधी बदलली ते विचारा. भारतीय मानकात 500 पर्यंत पाणी चांगलं धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे 400 हे विष नव्हे, पण आरोचे पैसे देऊन बोअर पिण्यात काय अर्थ?

मीटर जंतू दाखवत नाही, आणि कॅनचं खरं दुखणं तेच आहे. कोळशाचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. नळाच्या पाण्यात जो थोडा राखणदार उरतो, तो या पाण्यात नसतो. त्यामुळे प्लांटमधून निघालेलं स्वच्छ पाणी मळक्या कॅनमध्ये दिवसभरात बिघडतं. घाण बसते तोटीच्या वॉशरमागे आणि झाकणाच्या आट्यांत. कॅन आली की तोटीत बोट फिरवून पाहा, बुळबुळीत लागलं तर ती परत करा. रिकामी कॅन हलवून पाहा. भिंतीच्या आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर आतलं अस्तर फुटून फोममध्ये पाणी शिरलेलं असतं. तो कुबट वास कितीही धुतलं तरी जात नाही. सीलबंद बाटलीवर परवाना क्रमांक आणि बॅच असते, या उघड्या कॅनवर काहीच नसतं, तेव्हा तपासणी आपलीच.

घरची कॅन असेल तर आठवड्यातून एकदा 20 लिटर पाण्यात 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट 20 मिली घालून अर्धा तास ठेवा, ते पाणी तोटीतूनच सोडा आणि मग वास जाईपर्यंत विसळा. तोटी उघडून घासायला विसरू नका. शंका असेल तर एचटूएसची, म्हणजे पाण्यातले जंतू तपासायची, बाटली आणा, खुणेपर्यंत पाणी भरा आणि उबदार जागी 24 ते 48 तास ठेवा. पाणी काळं पडलं की त्या प्लांटला राम राम.

ज्यांच्याकडे शहानूरचं पाणी नियमित येतं त्यांनी रोजची कॅन लावू नये, हे आमचं स्पष्ट मत. खारं पाणी आरो करताना अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी नालीत जातं.

लग्नासाठी मात्र कॅनला पर्याय नाही. उन्हाळ्यात माणशी 2 लिटर धरा, म्हणजे 500 पानांना 18 लिटरच्या 55 ते 60 कॅन लागतील. गारव्यासाठी वरून बर्फ टाकू देऊ नका. अखाद्य बर्फ निळा असावा असा 2018 पासून नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो खायचाच असेल याची खात्री नाही. चिलरमधून भरलेलीच कॅन मागा आणि ऑर्डर देतानाच तसं ठरवून घ्या.